आरोग्याच्या चार गोष्टी : नातीची गोळी आणि आजीची माहिती



गेल्या अंकात आपण मिठाबद्दल बोललो. तो अंक वाचून एका आजीबाईंनी फोनवर विचारलं, “बाई, नातीच्या पर्समध्ये गोळ्यांचं पाकीट दिसलं. मूल न होण्याच्या गोळ्या आहेत म्हणे. आता लग्नानंतर तिला मूल होईल की नाही?” हा प्रश्न बऱ्याच घरांत असणार, म्हणून उत्तर सगळ्यांसाठी लिहिते आहे. मुलंही हे पान वाचतात ते मला ठाऊक आहे. त्यांनीही वाचावं. यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्या मराठीत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ सालापासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात हा विषय उघडपणे मांडला. त्याच्याही आधी, १९२१ साली, त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. मी मुंबईला नर्सिंग शिकले तेव्हा भिंतीभिंतींवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण असायचा. तेव्हा इथं इस्राएलात येऊन आपण गप्प बसायचं कारण नाही.

प्रथम आजीबाईंचं उत्तर. गोळीनं मुलगी वांझ होत नाही. गोळी बंद केली की पाळी पूर्ववत सुरू होते आणि मूल राहू शकतं. कुणाला लगेच, कुणाला थोडे महिने लागतात. आणि पाकीट दिसलं म्हणून लगेच भलता अर्थ काढू नका. पाळीत अंगावरून फार जाणं, पोटात असह्य दुखणं, पाळी अनियमित असणं, चेहऱ्यावर फोड येणं, अशा कारणांसाठीही डॉक्टर हीच गोळी देतात.

ही गोळी म्हणजे काय? इथल्या मुली ‘ग्लुलोत’ म्हणतात. तिच्यात दोन संप्रेरकं असतात, एक एस्ट्रोजेन आणि दुसरं प्रोजेस्टिन. म्हणून तिला मिश्र गोळी म्हणायचं. ती घेतली की अंडाशयातून बीज बाहेर पडत नाही. १९६० साली अमेरिकेत पहिल्या गोळीला संततिनियमनासाठी परवानगी मिळाली, तिचं नाव एनोव्हिड. तिच्यात एस्ट्रोजेन वर्गातलं औषध १५० मायक्रोग्रॅम होतं. हल्लीच्या बहुतेक गोळ्यांत ते २० ते ३५ मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे आपल्या तरुणपणी जे ऐकलं ते सगळं आजच्या गोळीला जसंच्या तसं लागू होत नाही.

मग भीती कसलीच नाही का? आहे, आणि ती नीट समजून घ्यायला हवी. एस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याची शक्ती वाढते. पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. आकडे सांगते, म्हणजे उगाच घाबरायला नको. गोळी न घेणाऱ्या १०,००० तरुण बायकांमागे वर्षाला सुमारे २ जणींना अशी गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली जुनी गोळी घेणाऱ्या १०,००० मागे ५ ते ७ जणींना होते. डेसोजेस्ट्रेल, जेस्टोडीन किंवा ड्रोस्पिरेनोन असलेली नवी मिश्र गोळी घेणाऱ्यांत ९ ते १२ जणींना. नवी म्हणजे जास्त सुरक्षित असं नव्हे, हे इथं लक्षात घ्या. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत हा धोका गोळीपेक्षाही मोठा असतो. गोळीचा धोका सर्वांत जास्त पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या काही महिन्यांत असतो. महिनाभर बंद करून पुन्हा सुरू केली तरी तसंच.

आता आजी-आजोबांचं काम. डॉक्टर मुलीला विचारतात, “घरात कुणाला गुठळी झाली होती का?” अठरा-वीस वर्षांची पोर म्हणते, “नाही.” तिला कुठून ठाऊक असणार? तिच्या जन्माआधीच्या गोष्टी त्या! पण तुम्हाला ठाऊक असतं. कुणाचा बाळंतपणानंतर एक पाय सुजून जड झाला होता, कुणी ऑपरेशननंतर चांगलं बोलता-बोलता धाप लागून गेलं, कुणाला चाळिशीच्या आत अर्धांगवायू झाला. आपण त्याला नशीब म्हणून विसरून जातो. डॉक्टरांसाठी ती मोलाची माहिती आहे. आई, वडील, सख्खी भावंडं यांच्यापैकी कुणाला वयाच्या ४५ वर्षांच्या आत गुठळी झाली असेल तर डॉक्टर बहुधा मिश्र गोळी टाळतात. आजी, मावशी, आत्या, काका यांचंही सांगावं, काय ते डॉक्टर ठरवतील.

दोन्ही घरांचं विचारा. आपल्या मुलांची लग्नं आता पोलंड, रोमानिया, मोरोक्को, इराककडून आलेल्या घरांत होतात. रक्त लवकर गोठण्याचा एक जन्मजात दोष आहे, फॅक्टर फाइव्ह लायडन. तो हॉलंडमधल्या लायडन गावात १९९४ साली सापडला म्हणून हे नाव. युरोपियन वंशाच्या लोकांत साधारण शंभरात पाच जणांना तो असतो. त्यामुळे बापाकडचीही हकिकत हवी. विहीणबाईंना एक फोन करायला काय हरकत आहे?

पुढच्या गोष्टी असतील तर मुलीनं मिश्र गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे :

१. वय ३५ किंवा जास्त आणि सिगारेटची सवय.
२. अर्धशिशी, आणि डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेघा दिसणं. अशा मुलींना मिश्र गोळीनं अर्धांगवायूचा धोका वाढतो.
३. रक्तदाब जास्त असणं. गोळी सुरू करण्याआधी तो मोजून घ्यावा.
४. पूर्वी गुठळी, हृदयाचा किंवा मेंदूचा झटका, स्तनाचा कर्करोग, यकृताचा मोठा आजार.
५. नुकतंच बाळंतपण, किंवा मोठं ऑपरेशन ठरलेलं असणं.

यातलं काही असलं म्हणून मार्ग बंद होत नाही. एस्ट्रोजेन नसलेली गोळी आहे, तांबी आहे. डॉक्टर दुसरं काही सुचवतील. कर्करोगाचंही विचारतात, म्हणून सांगते. मिश्र गोळीनं अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. स्तनाच्या कर्करोगाचा धोका घेत असेपर्यंत थोडा वाढतो आणि बंद केल्यावर हळूहळू ओसरतो. दुसरं म्हणजे, गोळीनं गुप्तरोगांपासून संरक्षण मिळत नाही. त्यासाठी निरोधच लागतो.

आता प्रवासाचं. लष्करातून सुटलेल्या आपल्या नाती पाठीवर पिशवी टाकून भारतात जातात. अगदी अलिबाग-रेवदंड्यापर्यंत जाऊन आपलं मूळ गाव पाहून येतात. ऐकून डोळे भरून येतात! पण गोळी घेत असतील तर चार गोष्टी सांगून पाठवा. चार तासांहून लांबच्या प्रवासात एका जागी बसून राहू नये. मधूनमधून उठावं, पावलं हलवावीत, पाणी प्यावं. भारताचं घड्याळ आपल्यापुढे उन्हाळ्यात अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन तास असतं. इथं रात्री नऊला घेत असेल तर तिथं साडेअकरा किंवा साडेबारा होतील. झोप लागून गोळी राहून जाते, म्हणून तिथली सोयीची वेळ आधीच ठरवावी. ती थोडी लवकरची असली तर चालते. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली, किंवा २४ तासांहून जास्त जोराचे जुलाब लागले, तर गोळी अंगी लागली नाही असं समजावं. आणि पाकीट संपलं म्हणून मैत्रिणीची गोळी घेऊ नये. तिथली ‘माला-डी’ ही लेव्होनॉरजेस्ट्रेलची मिश्र गोळी आहे. तिच्या २८ गोळ्यांत २१ औषधाच्या आणि ७ वेगळ्या रंगाच्या लोहाच्या असतात. नाव, घटक आणि प्रमाण दुकानात दाखवून मगच घ्यावी.

एक गोळी विसरली तर आठवल्याबरोबर घ्यावी आणि पुढची नेहमीच्या वेळी, मग एका दिवशी दोन झाल्या तरी चालेल. दोन किंवा जास्त विसरल्या तर त्यातली शेवटचीच घ्यावी, रोजचं चालू ठेवावं, पुढचे सात दिवस निरोध वापरावा आणि डॉक्टरांना विचारावं. क्षयावरचं रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरची काही औषधं गोळीचा गुण कमी करतात. नेहमीच्या अँटिबायोटिक्सनं तसं होत नाही.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी पाच बोटांची आठवण. पोट, छाती, डोकं, डोळे, पाय. मोठी बहीण किंवा आई गोळी घेत असेल आणि तिला पोटात एकाएकी जोरात दुखलं, छातीत दुखून धाप लागली किंवा खोकल्यातून रक्त आलं, कधी नव्हे इतकं डोकं दुखलं किंवा बोलणं अडखळलं, डोळ्यांना दिसेनासं झालं, किंवा एकच पाय सुजून पोटरी दुखू लागली, तर “झोपून बरं वाटेल” म्हणू नका. पोटरी दुखत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. धाप, छाती, डोकं, डोळे, बोलणं यांचं काही असेल तर सरळ १०१ ला फोन. “ती गोळी घेते” हेही सांगायचं. आणि घरात सापडलेली कुठलीही गोळी तोंडात घालायची नाही. धाकट्या भावंडानं घातली तर मोठ्यांना ताबडतोब सांगायचं, मार बसेल म्हणून लपवायचं नाही.

आजी-आजोबांनो, या शब्बातला नातवंडं जेवायला आली की जेवणं आटोपल्यावर एक कागद घ्या. दोन्ही घरांतली नावं लिहा, कुणाला काय आजार झाला आणि कितव्या वर्षी, तेवढंच. मराठी नातीला वाचता येणार नाही, म्हणून तिच्याकडूनच हिब्रूत लिहून घ्या आणि कुपत खोलीममध्ये डॉक्टरांना दाखवायला सांगा. तिला रागावून पाकीट टाकून दिलंत तर ती पुढचं पाकीट लपवून ठेवील. मग पाय सुजला तरी तुम्हाला सांगणार नाही.

पुढच्या अंकात म्हातारपणी पडू नये म्हणून घरात काय करावं, ते पाहू. प्रकृतीला जपा.

आपली,
सिस्टरबाई