रित्या वास्तूचा नाद

वृत्तपत्रसृष्टीला नेपानगर परके नाही. वृत्तपत्री कागदाचा देशातील हा पहिला कारखाना पंडित नेहरूंनी १९५६ साली राष्ट्राला अर्पण केला. नूतनीकरणासाठी २०१६ साली थांबलेले त्याचे उत्पादन २०२२ साली पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात यंत्रांच्या घरघरीवर वाढलेल्या त्या गावाने ऐकलेली शांतता कोणी टिपली काय? पणजीतील जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रित्या दालनांत सेरेंडिपिटी महोत्सवातील कलाकृती मांडल्या गेल्या, तेव्हा आपल्याच पावलांचा नाद आणि भिंतींचे मौन गोमंतकीयांनी अनुभवले. रिती वास्तू म्हणजे केवळ भंगार नव्हे. जुन्या यंत्रशाळा पाडण्यापूर्वी सरकारने त्यांची दारे कलावंतांना उघडून द्यावीत. श्रमिकांच्या घामाचा पडसाद एकदा विरला, की कोणत्याही निविदेने तो परत मिळत नसतो.