गोरेपणाची किंमत मूत्रपिंडाने का मोजावी?

त्वचा आणि मूत्रपिंड यांचा काय संबंध, असं विचारलं तर जाणकार माणूस खाजेचं नाव घेईल. ते खरंच आहे. मूत्रपिंडं थकली की त्वचा कोरडी पडते, खाजेने झोप उडते, रंग काळवंडतो. पण हा संबंध उलट बाजूनेही असतो, हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. गालाला चोळलेली क्रीम मूत्रपिंडापर्यंत पोचू शकते.

केरळमधल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या आजाराचे २२ रुग्ण नोंदले. त्यांतल्या १५ जणांना एरवी क्वचितच दिसणारा एक प्रकार झाला होता, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं होण्याची क्रीम वापरत होते! ही गोष्ट नवी आहे म्हणावं, तर १९७२ सालीच नैरोबीच्या डॉक्टरांनी हेच लिहून ठेवलं होतं.

दोष पाऱ्याचा. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा चटकन उजळतो. तोच पारा त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. तिथली गाळणी बिघडली की लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. लघवीला फेस येतो, पाय आणि चेहरा सुजतो. आरशात मात्र सगळं छान दिसत असतं.

आपल्याकडे २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दहा लाखांत एक भाग यापेक्षा जास्त चालत नाही. पण ज्या डबीवर बनवणाऱ्याचं नावच नाही, तिला नियम काय करणार? "मुली शिकल्यात, वाचून घ्यावं त्यांनी," असं म्हणणारे भेटतात. वाचायला छापलेलं तरी हवं ना! आणि मुलींना त्या डबीकडे ढकलतं कोण? स्थळं बघताना आता 'गोरी' म्हणायची लाज वाटते, म्हणून आपण 'उजळ' म्हणतो, 'निमगोरी' म्हणतो. शब्द बदलला, अट तीच. काळ्या विठोबाच्या पायावर डोकं ठेवायचं आणि घरी येऊन सावळ्या नातीला हळद-साय लावायला सांगायचं, हा आपला खाक्या. हळद-सायीने काही बिघडत नाही, पण त्या मुलीच्या मनात जे रुजतं ते तिला पुढे त्या डबीपर्यंत नेतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. डबीवर मर्क्युरी, कॅलोमेल असे शब्द दिसले, किंवा 'सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका' अशी सूचना असली, तर ती घेऊ नका. जे सोन्याला चालत नाही ते गालाला कसं चालेल? काहीच छापलेलं नसेल तर मुळीच नको. अंगावर सूज आली तर डॉक्टरांना औषधांबरोबर क्रीमही दाखवा आणि लघवीची तपासणी करून घ्या. ती साधी आणि स्वस्त असते. वेळेवर क्रीम थांबली तर हा आजार पुष्कळदा आटोक्यात येतो.

आणि पुढच्या लग्नकार्यात कुणा मुलीला "रंग जरा उतरला गं तुझा" असं म्हणायचं ओठांवर आलं, तर तेवढं गिळून टाका. जमेल ना?