रस्त्याचा काठ अंधारात दिसला पाहिजे

खत-बियाणं सोडून हा माणूस रस्त्यावर कुठे आला, असं तुम्ही म्हणाल. पण फडातून निघालेला ऊस काय, भल्या पहाटे बाजार समितीकडे निघालेला कांदा काय, शेवटी रस्त्यानंच जातो आणि बहुतेक वेळा अंधारातच जातो. शिवाय रात्रपाळीची वीज आली की मोटार सुरू करायला जाणाराही याच रस्त्याच्या कडेनं चालतो.

आता थोडा हिशेब मांडू. ताशी ६० किलोमीटर वेगानं येणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढे सरकते. समोरून वाहन येत असेल तर दिवा खाली करावा लागतो, आणि त्या उजेडात जेमतेम ४० मीटरपर्यंतच दिसतं. चालकानं वळण ओळखून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत एक-दीड सेकंद जातो. म्हणजे निम्मं अंतर तिथेच संपलं. उरलेल्यात गाडी थांबवायची की रस्त्याचा काठ शोधायचा? त्यातून आपल्याकडच्या बऱ्याच रस्त्यांना पांढरा पट्टा नाही, आणि असला तरी काळ्या मातीच्या चिखलाखाली गेलेला असतो.

या अडचणीवरचा एक उपाय म्हणजे सौर रोड स्टड. १९३० च्या दशकात इंग्लंडात पर्सी शॉ यांनी मांजराच्या डोळ्यासारखा चमकणारा काचेचा स्टड काढला. आपल्या रस्त्यांवर दिसणारे साधे स्टड त्याच वाटेनं आलेले आहेत. त्यांचा दोष एकच, दिव्याचा झोत पडल्याशिवाय ते चमकत नाहीत. सौर स्टड मात्र स्वतःच उजळतो. सौर प्रकाश सापळा ज्यानं शेतात लावलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. दिवसा छोटं पॅनल बॅटरी भरतं, दिवस मावळला की सेन्सर दिवे लावतो, उजाडलं की बंद करतो. वळणावर अशी रांग असली की झोत पोहोचण्याच्या कितीतरी आधी रस्ता कुठे वळतो ते कळतं. बैलगाडीला आणि सायकलला तर झोतच नसतो, त्यांना याचा उपयोग जास्त.

३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ कार्तिकीला पायी निघालेल्या दिंडीत मोटार घुसून सात वारकरी गेले. तिथे स्टड असते तर हे टळलं असतं, असं म्हणण्याचा हक्क कुणाला नाही. स्टड माणूस दाखवत नाही, रस्ता दाखवतो. म्हणूनच ट्रॉलीच्या मागचा लाल रिफ्लेक्टर आणि चमकती पट्टी सोडून चालणार नाही. मागचा रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्यांनी झाकलेला असला तर तो नसल्यातच जमा. बंद पडलेली ट्रॉली कडेला दगड लावून रात्रभर तशीच सोडणाऱ्यांना तर कुठलाच स्टड वाचवू शकत नाही.

सरपंच आणि ग्रामसेवकांना एक स्पष्ट सांगतो. हे दिवे कमानीखाली आणि पंचायतीच्या दारात शोभेला लावू नका. तिथे आधीच उजेड असतो. कठडा तुटलेला पूल, रस्त्याला खेटून असलेली विहीर, कालव्याच्या कडेचं वळण, बाभळीआड लपलेला फाटा, या खऱ्या जागा. वळणावर स्टड जवळजवळ बसवावेत, सरळ रस्त्यावर लांब लांब चालतात. बसवताना काठाच्या रेषेवरच बसवावेत, मधे आले तर दुचाकी अडखळते. पण दाट झाडांच्या सावलीत पॅनल भरत नाही, तिथे साधा स्टडच बरा.

आणि देखभाल! गावोगावी सौर पथदिव्यांचे खांब उभे आहेत, बॅटऱ्या मेल्या तरी आहेत किंवा चोरीला गेल्या आहेत. स्टडचंही तसंच होईल. पंपाच्या पॅनलवरची धूळ आपण पुसतो, मग रस्त्यावरच्या पॅनलवरचा चिखल कोण पुसणार, हे खरेदीआधीच ठरवा. बॅटरी काही वर्षांनी थकणारच, तेव्हा हमीचा काळ आणि बदलून देण्याची अट कागदावर घ्या. भरलेल्या ट्रॉलीचं चाक वरून गेलं तरी टिकेल, असा चाचणीचा दाखलाही मागा. स्वस्तातला स्टड पहिल्याच हंगामात फुटतो आणि रस्त्यात नुसता खिळा उरतो.

ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. त्यामुळे आधी रस्ता कुणाचा ते पाहा, नाहीतर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहील. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घ्या. त्यात ‘गावात सौर दिवे बसवावेत’ असं मोघम न लिहिता रस्त्याचं नाव, वळणाची किंवा पुलाची नेमकी जागा आणि तिथे आजवर झालेल्या अपघातांच्या तारखा लिहा. त्याची एक प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या. पाऊस उघडला, डांबर कोरडं झालं, की गव्हाणीत मोळी पडण्याआधी काम उरकायला हवं. एकदा हंगाम सुरू झाला की भोकं पाडायलासुद्धा रस्ता मोकळा मिळत नाही.