विनामूल्य विद्येचा हिशोब

दुकानात माल फुकट येऊ लागला, तर आपण तो आधी उलटून पाहतो. संगणकावरून मिळणाऱ्या विनामूल्य शिक्षणाबाबत मात्र आपली दोन टोके दिसतात. एक तर ते डोळे मिटून घ्यायचे, नाहीतर फुकट म्हणून हलके समजून नातवंडांना भरमसाट शुल्काच्या कोडिंग वर्गात घालायचे. दोन्ही व्यवहार मला कच्चे वाटतात. बँकेत ‘बिनव्याजी’ हा शब्द आला की आम्ही आधी अटी वाचत असू. येथेही तेच करावे.

कोडिंग म्हणजे संगणकाला क्रमवार आज्ञा लिहून देणे. अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ साली ‘स्क्रॅच’ ही प्रणाली मुलांसाठी खुली केली. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून मूल आज्ञावली रचते. शुल्क नाही, आणि एकदा संगणकावर उतरवून घेतली की इंटरनेटवाचूनही चालते. एखाद्या मुलाने आपली रचना तेथे सर्वांपुढे ठेवली, तर ती दुसऱ्याला घेता येते, बदलताही येते. अट इतकीच की मूळ कर्त्याचे नाव राहावे आणि नवी रचनाही तशीच खुली असावी. शास्त्राची प्रत करवून भांडाराला अर्पण करणाऱ्या आपल्या पूर्वजांना ही अट परकी वाटली नसती.

दुसरे उदाहरण कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे. त्या देशात मूळनिवासी समाजाची मुले पिढ्यान्‌पिढ्या घरांपासून तोडून निवासी शाळांत ठेवली गेली, तेथे मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. आज त्याच समाजाची ‘फर्स्ट नेशन्स एज्युकेशन स्टिअरिंग कमिटी’ आपल्या साहित्यावरील शिक्षक-मार्गदर्शिका स्वतः तयार करून विनामूल्य देते. २०२३-२४ पासून तेथे शालेय पदवीसाठी मूळनिवासीविषयक अभ्यास सक्तीचा आहे. त्यामुळे या मार्गदर्शिका शोभेच्या राहिलेल्या नाहीत. कोणते साहित्य अस्सल मानावे याचे निकष त्यांत आहेत : ते त्या समाजातील लेखकाचे, किंवा त्या समाजाच्या भरीव सहभागाने झालेले असावे. आणखी एक तत्त्व त्यांनी मांडले आहे. काही ज्ञान पवित्र असते. ते अनुमतीने किंवा विशिष्ट प्रसंगीच सांगावयाचे असते. शुल्क नाही, पण मर्यादा आहे.

हे वाचताना मूडबिद्री आठवल्यावाचून राहत नाही. षट्खंडागमावरील आचार्य वीरसेनांची धवला टीका तेथे ताडपत्रांवर शतकानुशतके जपली गेली, पण केवळ दर्शनासाठी. अभ्यासकाच्या हाती ती येत नव्हती. पुढे नकला झाल्या, आणि १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला भाग आपल्या अमरावतीहून प्रसिद्ध झाला. जपणाऱ्यांनी जपले नसते, तर छापणाऱ्यांना काय मिळाले असते? म्हणून त्या कुलुपाला सरसकट दोष देणे मला पटत नाही. मात्र ग्रंथ छापून इतकी वर्षे लोटल्यावरही तो पाठशाळेतील मुलापर्यंत पोहोचलेला नाही, याला आता कुलूप कारण नाही.

ग्रंथ छापून देणारे दाते आपल्यात उदंड आहेत. त्यावर दहा वर्षांच्या मुलासाठी चाळीस मिनिटांचा धडा लिहवून घेणारा दाता मी अजून पाहिलेला नाही. तो धडा आपण लिहिला नाही तर दुसरा कोणीतरी, आपल्याला न विचारता लिहील; आणि मुले तोच प्रमाण मानतील.

आरंभ धवलेतल्याच ‘अर्धच्छेदा’ने करता येईल. एखादी संख्या निम्मी करीत १ पर्यंत आणली, तर जितक्या वेळा निम्मी करावी लागली तितके तिचे अर्धच्छेद. ३२ चे १६, ८, ४, २, १. म्हणजे अर्धच्छेद ५. आजचे गणित यालाच २ या पायाचा लॉगॅरिदम म्हणते. स्क्रॅचमध्ये यासाठी मोजके ठोकळे पुरतात : संख्या १ होईपर्यंत तिला २ ने भागत राहा आणि प्रत्येक वेळी मोजणीत १ मिळवा. ६४ घातले की उत्तर ६ येते. कोणीतरी खोडकर मूल १०० घालणारच. मग ५०, २५, साडेबारा असे होत संख्या १ ला कधी नेमकी शिवतच नाही आणि आज्ञावली थांबत नाही. तेथे पाठशाळेच्या गुरुजींना फळ्याकडे वळावे लागेल.