टायरमधली हवा

ट्रेलर डोलायला लागला की सगळे हिचला दोष देतात. मला विचाराल तर आधी गाडीचे मागचे टायर बघा. गेल्या उन्हाळ्यात कोलोरॅडोत आमचा कॅम्पर असा काही झुलला, की मागच्या सीटवर आईने रामरक्षा सुरू केली! ट्रेलरच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भार हिचवर येतो, तो मुख्यतः मागच्या टायरांनाच सोसावा लागतो. आमचे टायर साधे, पॅसेंजर गाडीचे. त्यांच्या मऊ बाजू कडेला लवतात. आता एलटी घेतले. पण नुसते घेऊन भागत नाही. तेवढंच वजन पेलायला एलटीला हवा जास्त लागते, आणि दारावरचा आकडा मूळ टायरांचा असतो. तेव्हा लोड टेबल बघायचं, हवा टायर थंड असतानाच मोजायची. आई म्हणते, रामरक्षा तरीही म्हणणारच.