शिक्षेचें मान आणि न्यायाची वाट

कांहीं विषय असे असतात कीं, ते माजघरांत निघाले म्हणजे वडील मंडळी खाकरतात, सुना उठून आंत जातात आणि मुलांना अंगणांत पिटाळण्यांत येतें. स्त्रियांवर व बालकांवर होणारे अत्याचार हा त्यांपैकींच एक विषय. परंतु ज्या गोष्टीचा उच्चार करण्याची आपल्याला लाज वाटते, तिचा प्रतिकार करण्याची शक्तिही हळूहळू आपल्या ठायीं उरत नाहीं. म्हणून या महिन्यांत, पालघर जिल्ह्यांतील डहाणू व तलासरी या तालुक्यांकडे दृष्टि ठेवून, अशा गुन्ह्यांस कोर्टांत काय फळ येतें याचा विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम कायद्याचा इतिहास पाहूं. सन १८६० च्या पिनल कोडांत मुलीच्या संमतीचें वय अवघें दहा वर्षें होतें. १८९१ सालीं तें बारा करण्याचें बिल आलें तेव्हां पुण्यांत केवढें रण माजलें! लोकमान्य टिळक बिलाच्या विरुद्ध, डॉक्टर भांडारकर बिलाला अनुकूल, आणि शास्त्रार्थ घरोघर चाललेला. पुढें हें वय १९२५ त चौदा, १९४९ त सोळा व २०१३ त अठरा झालें. पत्नीपुरतें मात्र १९२५ पासून निराळें व कमी मान चालत आलें. तें सर्वोच्च न्यायालयानें २०१७ त अठरावर आणिलें. शिक्षेचेंही तसेंच. मूळ कायद्यांत कमाल शिक्षा सांगितली होती, किमान नव्हती. १९८३ त किमान सात वर्षांची कैद ठरली, २०१८ त ती दहा वर्षें झाली, आणि मुलगी सोळा वर्षांखालील असेल तर वीस. १ जुलै २०२४ पासून पिनल कोडाच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तिनेंही हेंच मान ठेविलें आहे. कागदावर दंड असा चढत गेला. न्यायही तितकाच जवळ आला काय?

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर एके काळीं कोर्ट ही वस्तु ठाऊकच नव्हती. लग्नासाठीं सावकाराकडून थोडेसे रुपये घेऊन वारली तरुण त्याचा 'लग्नगडी' होई आणि त्याच्याबरोबर त्याची बायकोही राबे. सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्यानें आपल्या १९३९ च्या अहवालांत ही प्रथा नोंदविली आहे. आणि अशा गड्यांच्या स्त्रियांवर जमीनदार कसा हक्क सांगत, तें गोदावरी परुळेकर यांनीं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकांत निर्भीडपणें लिहिलें आहे. १९४५ सालीं तेव्हांच्या उंबरगांव तालुक्यांतील झरी येथें वारल्यांची परिषद भरली आणि ती वेठ मोडली. त्यापूर्वींच्या असंख्य अपराधांचा एकही निकालाचा कागद आज मिळावयाचा नाहीं. कारण फिर्यादच नव्हती.

फिर्याद झाली म्हणजे तरी काय होई, हें विदर्भांतील एका खटल्यानें दाखविलें. मार्च १९७२ मध्यें तेव्हांच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यांत एका अनाथ आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. आरोपी दोन पोलीस. सेशन्स कोर्टानें १९७४ त दोघांस सोडलें. नागपूरच्या उच्च न्यायालयानें १९७६ त एकास पांच वर्षें व दुसऱ्यास एक वर्ष शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानें १९७८ त तीही रद्द केली. अंगावर जखम नाहीं, आरडाओरड नाहीं, तेव्हां संमति असावी, असा तर्क झाला. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनीं १९७९ त सरन्यायाधीशांस उघडें पत्र धाडलें. रात्रीं पोलीस ठाण्यांत सांपडलेल्या पोरक्या मुलीच्या गप्प राहण्यास संमति म्हणावें काय, हा त्यांचा प्रश्न होता. १९८३ ची सुधारणा त्या पत्रानें उठविलेल्या लोकक्षोभांतून आली.

आतां आजची स्थिति. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आंकड्यांप्रमाणें, बलात्काराच्या ज्या खटल्यांचा निकाल लागला त्यांपैकीं देशभरांत सुमारें २७ टक्क्यांतच दोष सिद्ध झाला. हा आंकडा पाहून कोणी म्हणेल, बाकीच्या फिर्यादी खोट्या. कोणी म्हणेल, बाकीचे गुन्हेगार सुटले. दोन्ही अनुमानें उतावळेपणाचीं आहेत. बालकांच्या संरक्षणाचा 'पोक्सो' कायदा नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. बंगळूरच्या एन्फोल्ड संस्थेनें महाराष्ट्र, आसाम व पश्चिम बंगाल येथील २०१६ ते २०२० चे निकाल तपासले, तेव्हां पोक्सोचे जवळजवळ चौथा हिस्सा खटले परस्पर प्रेमसंबंधाचे निघाले, आणि त्यांत दहापैकीं नऊंहून अधिक निकाल निर्दोषतेचे होते.

पाड्यावर हा भेद फार जवळून दिसतो. सतरा वर्षांची गर्भवती प्रसूतीसाठीं सरकारी रुग्णालयांत येते. कायद्यानें डॉक्टरास पोलिसांत कळविणें भाग आहे, आणि तिचा जोडीदार आरोपी होतो. उलट जेथें खरोखर बळजबरी झाली, तेथें आरोपी बहुधा ओळखीचा असतो. घरांतील, शेजारचा, किंवा ज्याच्याकडे मजुरी करावयाची तो. तेथें वडीलधारे समेट घडवितात, कांहीं रुपये हातीं ठेवितात, आणि उलटतपासणीच्या दिवशीं मुलगी 'मला आठवत नाहीं' म्हणते. अशा खटल्याचा निकाल सेशन्स कोर्टांत व्हावयाचा. तेथवर जाण्यास एका दिवसाची मजुरी बुडते. समन्स पाड्यावर पोंचतें तेव्हां साक्षीदार कुटुंबासह दूर वीटभट्टीवर असतो. मुलीच्या तोंडीं वारली बोली, कागदावर पुस्तकी मराठी.

कायद्यानें या अडचणी ओळखल्या नाहींत असें नव्हे. मुलीची साक्ष तीस दिवसांत व खटला शक्यतों एका वर्षांत संपावा, प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारावे, आरोपी तिच्या दृष्टीस पडूं नये, दुभाषा मिळावा, हें सर्व पोक्सोंत लिहिलेलें आहे. वीस वर्षांच्या शिक्षेपेक्षां या चार साध्या कलमांचें पालन त्या मुलीला अधिक मोलाचें आहे. कौटिल्यानें अतितीक्ष्ण व अतिमृदु असे दोन्ही दंड वर्ज्य ठरवून यथायोग्य दंडच पूज्य मानिला, तो यासाठींच. मे २०२५ मध्यें पश्चिम बंगालच्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें आरोपीचा दोष कायम ठेवूनही त्यास तुरुंगांत धाडलें नाहीं. कारण मुलीला मूळ घटनेहून अधिक यातना पोलीस, कोर्ट व कर्ज यांनींच दिल्या होत्या. किमान शिक्षेनें हात बांधलेल्या खालच्या न्यायाधीशाला मात्र असा विवेक करतां येत नाहीं. मग खऱ्या गुन्हेगारास सोडणें किंवा नवथर पोरास वीस वर्षें कोंडणें, या दोहोंमध्यें त्यानें काय निवडावें?

आपल्या घरांशीं याचा संबंध काय, असें कोणी विचारील. एकत्र कुटुंबांत मुलें अनेकांच्या मांडीवर वाढतात. तोच त्यांचा आधार, आणि क्वचित् तोच धोका. मुलानें कोणाविषयीं कांहीं सांगितलें, तर 'गप्प बैस, ते आपले आहेत' हें वाक्य उच्चारूं नये. गुन्हा कळूनही न कळविणें हा पोक्सोखालीं स्वतंत्र अपराध आहे. १०९८ हा दूरध्वनि मुलांसाठींच आहे. आणि घरकामास एखादी मुलगी पाड्यावरून आली असेल, तर तिच्या आईबापांचा पत्ता व तिचें खरें वय आपल्या वहींत असावें, आणि तिच्या खोलीला आंतून कडी असावी. कायदा दाराबाहेर उभा असतो. दार उघडण्याचें काम घरांतल्या वडिलांचें आहे.