मनुष्य आणि वाणी : एका चिनी अक्षराचा कित्ता

परभाषा शिकावयाची म्हटली की आधी तिची वर्णमाला घोकावी, ही आपली रीत. चिनी भाषेच्या दाराशी मात्र ही रीत अडते. कारण तेथे वर्णमालाच नाही. प्रत्येक अक्षरास स्वतःचा उच्चार आणि बहुधा स्वतःचा अर्थ. चीन सरकारने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रमाण यादीत अशी ८,१०५ अक्षरे असून, त्यांपैकी ३,५०० नित्य वापराच्या पहिल्या वर्गात घातली आहेत. हा आकडा ऐकून, हौसेने चिनी अथवा जपानी शिकू लागलेली आपली मुले गांगरतात, आणि अक्षरे म्हणजे नुसती चित्रे समजून ती डोळ्यांनी पाठ करू पाहतात. आमच्या मते हा मार्ग फसवा आहे. तो कसा, ते एकाच अक्षरावरून पाहू.

हे अक्षर ‘शिन्’, अर्थ विश्वास. याच्या डाव्या अंगास ‘मनुष्य’ आणि उजव्या अंगास ‘वाणी’. आपल्या शब्दापाशी उभा असलेला मनुष्य, तोच विश्वासास पात्र! इसवी सन १०० च्या सुमारास शू शेन या पंडिताने ९,३५३ अक्षरांचा जो कोश रचला, त्यात दोन अर्थ जुळून झालेल्या अक्षरांचे उदाहरण म्हणून त्याने हेच अक्षर दिले आहे. वाचकांना येथे यास्काचार्यांच्या निरुक्ताची आठवण होईल. आजचे काही भाषाशास्त्रज्ञ ‘मनुष्य’ हा अवयव मुळात उच्चार सुचविण्यासाठी आला असावा असे म्हणतात. तेव्हा अशी व्युत्पत्ती ही स्मरणाला आधार म्हणून उत्तम. पण तेवढ्याने अक्षर आले असे मात्र होत नाही.

अक्षर यावयाचे ते हातातून. ‘शिन्’च्या रेघा नऊ. प्रथम डावीकडे उतरती तिरपी रेघ व तिला लागून उभी रेघ. हा झाला मनुष्य. मग उजवीकडे माथ्यावर एक ठिपका, त्याखाली लांब आडवी रेघ, तिच्याखाली दोन आखूड आडव्या रेघा, आणि तळाशी तीन रेघांत काढावयाचा ‘मुख’ नावाचा चौकोन. चौकोनाची खालची रेघ सर्वांत शेवटी. वरून खाली व डावीकडून उजवीकडे हा क्रम मोडून चालत नाही. क्रम मोडला की वळण बिघडते, आणि भरभर लिहिताना अक्षर ओळखू येईनासे होते. शिवाय मनुष्य सडपातळ आणि वाणी ऐसपैस असे दोघांनी एकाच चौकोनी घरात मावले पाहिजे. चीनमध्ये लहान मुले लाल छापील अक्षरांवर काळ्या शाईने गिरवीत आली आहेत. कित्ता गिरविणे ते हेच!

हाताबरोबर कानही तयार व्हावा लागतो. हा उच्चार वरून खाली झटकन उतरणाऱ्या स्वरात करावयाचा, एखाद्यास ‘थांब!’ म्हणून दटावावे तसा. स्वर उंच व सपाट राहिला, तर ‘नवे’ किंवा ‘हृदय’ असा भलताच अर्थ होतो.

यानंतर उपयोग. एकटे ‘शिन्’ म्हणजे पत्रसुद्धा. मात्र ‘एक पत्र’ म्हणताना मध्ये ‘फंग्’ हा मोजणीचा शब्द घालावाच लागतो. ‘हृदय’ जोडले की आत्मविश्वास, ‘उपयोग’ जोडला की पत किंवा उधारी. बौद्ध सूत्रांच्या चिनी भाषांतरांत संस्कृत ‘श्रद्धा’ या शब्दासाठी हेच अक्षर योजिलेले आहे. जपान्यांनीही ते घेतले. पण साध्या पत्रास ते ‘हात’ आणि ‘कागद’ या दोन अक्षरांचा जोडशब्द वापरतात, आणि तोच जोडशब्द चीनमध्ये शौचालयातील कागदाचे नाव आहे! केवळ अवयवांवरून अर्थ लावणाऱ्याची अशी फजिती होते.

आता अनेकजण म्हणतील, दूरध्वनीच्या पडद्यावर रोमन अक्षरांत उच्चार लिहिला की समान उच्चाराच्या अक्षरांची रांग उभी राहते. त्यातून एक निवडावे, गिरविण्याचा खटाटोप कशाला? याचे उत्तर चिनी लोकांनीच दिले आहे. ‘लेखणी उचलली आणि अक्षर विसरले’ अशा अर्थाचा चार अक्षरांचा वाक्प्रचार त्यांच्यात रूढ आहे, आणि तो हल्ली सुशिक्षितांनाच वारंवार लागू पडतो. ओळखणे आणि येणे यांत हे अंतर आहे. आपल्याकडेही पडद्यावर मराठी सफाईने उमटविणाऱ्या मुलांना हाती कागद दिला की ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’ यांचे वळण आठवेनासे होते, हे वडीलधाऱ्यांनी पाहिलेच असेल.

म्हणून घरातील कोणी चिनी शिकू लागल्यास त्यास आमचे सांगणे एवढेच: दिवसाला एकच अक्षर घ्यावे. ते क्रमाने गिरवावे, मोठ्याने उच्चारावे, त्याचे दोन-तीन जोडशब्द करून एक वाक्य रचावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न पाहता लिहून पाहावे. मग पुढचे अक्षर. प्रारंभ ‘शिन्’पासूनच केला, तर भाषेबरोबर दिलेल्या शब्दापाशी उभे राहण्याचा पाठही आपोआप गिरविला जाईल.